स्वयंपाकघरातले टंकलेखनयंत्र

मराठीत 'रहस्यकथा' हा एकच शब्द गुन्हेगाराच्या शोधाची कथा, हेराची कथा आणि संकटाच्या चाहुलीने वाचकाला खिळवून ठेवणारी कथा अशा तिन्हींसाठी वापरला जातो, आणि त्यामुळे या प्रकारांमधील एक महत्त्वाचा भेद सहसा नजरेआड राहतो. शोधकथेत खून होऊन गेलेला असतो आणि खुनी कोण एवढाच प्रश्न उरलेला असतो; ज्या प्रकाराला इंग्रजीत 'सस्पेन्स' म्हणतात आणि ज्याला येथे उत्कंठाकथा म्हटले आहे, त्यात मात्र संकट अद्याप यायचे असते, ते कोठून येणार हे वाचकाला बहुधा नायिकेच्या आधी कळलेले असते, आणि ती वेळेवर सावध होईल की नाही यावर सारे कथानक तोललेले असते. हा दुसरा प्रकार प्रेमकथेच्या फार जवळचा आहे, कारण दोन्हींच्या मुळाशी विश्वासाचा प्रश्न असतो: समोरच्या पुरुषाच्या हाती आयुष्य सोपवावे की त्याच्यापासून दूर पळावे, याचा निर्णय नायिकेला अपुऱ्या माहितीवर घ्यावा लागतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत या जोडप्रकाराला अफाट वाचकवर्ग मिळवून देणाऱ्या लेखिकांमध्ये मेरी हिगिन्स क्लार्क यांचे नाव अग्रभागी आहे, आणि त्यांची कन्या कॅरल हिगिन्स क्लार्क याच व्यवसायात उतरून स्वतःच्या नावावर वाचक मिळवू शकल्या. लेखिकेच्या पोटी लेखिका जन्मली एवढ्यावर या गोष्टीचा उलगडा होत नाही. या घरात लेखन कसे केले जात होते, कोणत्या वेळी, कोणत्या गरजेपोटी आणि कोणाच्या हातांनी, हे पाहिल्याशिवाय तो होणार नाही.

या प्रकाराची वंशावळ या मायलेकींच्या कितीतरी आधी सुरू होते. अ‍ॅन रॅडक्लिफ यांच्या 'द मिस्टरीज ऑफ युडॉल्फो' या १७९४ सालच्या इंग्रजी कादंबरीत एक अनाथ तरुणी डोंगरातल्या किल्ल्यात अडकते, आणि दुर्गम वास्तू, दडवलेले सत्य व एकाकी स्त्री या तीन गोष्टींची सांगड तेथे पक्की होते. अशा कथांना 'गॉथिक' हे नाव पडले. अमेरिकेत मेरी रॉबर्ट्स राइनहार्ट यांनी १९०८ साली 'द सर्क्युलर स्टेअरकेस' लिहून हे भय किल्ल्यातून काढून उन्हाळ्यापुरत्या भाड्याने घेतलेल्या घरात आणले. लेखन आणि घर यांचे नाते राइनहार्ट यांच्याही बाबतीत घट्ट होते, कारण १९२९ साली न्यूयॉर्कमध्ये 'फरार अँड राइनहार्ट' ही प्रकाशनसंस्था उभी राहिली तेव्हा तिच्या संस्थापकांमध्ये त्यांचे दोन पुत्र होते. पुढे डॅफ्ने ड्यू मॉरिए यांच्या 'रिबेका'ने १९३८ साली नवऱ्याविषयीच्या संशयालाच कथानकाचा कणा बनवले, आणि १९६० साली आलेल्या व्हिक्टोरिया होल्ट यांच्या 'मिस्ट्रेस ऑफ मेलिन'पासून अमेरिकी स्वस्त पुस्तकांच्या बाजारात गॉथिक प्रेमकथांची लाट उसळली. काळोखात उभा असलेला वाडा, त्याच्या एकाच खिडकीत दिवा आणि वाड्याकडे पाठ करून धावणारी तरुणी, हे चित्र त्या काळात शेकडो मुखपृष्ठांवर छापले गेले, इतके की वाचक लेखिकेचे नाव न पाहता नुसत्या चित्रावरून पुस्तक उचलत.

मेरी हिगिन्स यांचा जन्म २४ डिसेंबर १९२७ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात आयरिश कुटुंबात झाला. आयर्लंडहून आलेले त्यांचे वडील ल्यूक हिगिन्स एक पब चालवत. मंदीच्या वर्षांत उधारी थकत गेली, दगदग वाढली, आणि १९३९ साली ते झोपेतच गेले तेव्हा मेरी अकरा वर्षांच्या होत्या. आई नोरा यांनी तीन मुलांना वाढवण्यासाठी घरातल्या खोल्या भाड्याने दिल्या. खोलीबरोबर भाडेकरूला स्वयंपाकघर वापरण्याची मुभा असे, आणि त्या सवलतीसाठी रूढ असलेली 'किचन प्रिव्हिलेजेस' ही शब्दजोडीच मेरी यांनी २००२ साली आपल्या आत्मकथनाला शीर्षक म्हणून दिली. इतके करूनही ते घर अखेर राखता आले नाही आणि कुटुंबाला तीन खोल्यांच्या सदनिकेत जावे लागले. ज्या घरात अनोळखी माणसे स्वयंपाकघरापर्यंत येतात, जेथे कर्त्या पुरुषाच्या जाण्याने एका सकाळीत सारे बदलते आणि घर हातचे जाऊ शकते, त्या घरातील मुलीने पुढे लिहिलेल्या कादंबऱ्यांत सुरक्षित वाटणारे घर क्षणात असुरक्षित होते, हा योगायोग मानणे कठीण आहे. शाळकरी वयातच त्यांनी एका हॉटेलात टेलिफोन जोडून देण्याचे, म्हणजे स्विचबोर्डचे काम केले, आणि तेथे पाहुण्यांची संभाषणे कानावर घेण्याची त्यांना सवय लागली. त्या पाहुण्यांत नाटककार टेनेसी विल्यम्स हेही होते. सचिवकामाचे शिक्षण, जाहिरात विभागातील नोकरी आणि पॅन अ‍ॅम या विमान कंपनीत वर्षभर हवाई सेविका म्हणून प्रवास, अशा पायऱ्यांनंतर डिसेंबर १९४९ मध्ये वॉरन क्लार्क यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

त्या काळात अमेरिकेत होतकरू लेखकाला पैसे मिळण्याचा रुळलेला मार्ग मासिकांतून जात असे. घराघरांत जाणाऱ्या साप्ताहिक-मासिकांत दर अंकात अनेक कथा छापल्या जात आणि त्यांचा मोठा वाचकवर्ग स्त्रियांचा असे. मेरी यांनी न्यूयॉर्क विद्यापीठाच्या लेखनवर्गात नाव घातले, आणि तेथील शिक्षकांनी दिलेले सूत्र त्यांनी आयुष्यभर पाळले: खरी घडलेली एखादी घटना घ्यावी आणि तिला 'समजा' व 'असे झाले असते तर' हे दोन प्रश्न विचारावेत. हवाई सेविका असताना त्यांचे विमान लोखंडी पडद्याआड जाणाऱ्या चेकोस्लोव्हाकियात उतरले होते. त्या अनुभवाला हे प्रश्न लावून त्यांनी 'स्टोअवे', म्हणजे विमानात लपून बसलेला प्रवासी, ही कथा रचली. सहा वर्षांत चाळीस नकार आल्यानंतर १९५६ साली 'एक्स्टेन्शन' या मासिकाने ती १०० डॉलरला घेतली. त्याच वर्षीच्या जुलैत कॅरल यांचा जन्म झाला. पुढल्याच वर्षी 'कॉलियर्स' आणि 'वुमन्स होम कम्पॅनियन' ही बडी नियतकालिके बंद पडली, दूरचित्रवाणीने जाहिराती आणि संध्याकाळचा वेळ दोन्ही ओढून नेले, आणि १९६९ साली 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट'चाही अंक निघेनासा झाला. कथालेखनाची कला मेरी यांना साधत आली तोवर कथांची बाजारपेठ उठत चालली होती.

१९६४ साली वॉरन क्लार्क यांचे हृदयविकाराने निधन झाले आणि मेरी पाच मुलांसह मागे राहिल्या. आईच्या वाट्याला जे आले तेच पंचवीस वर्षांनी मुलीच्याही वाट्याला आले होते. फरक इतकाच की नोरा यांच्यापाशी भाड्याने देण्याजोग्या खोल्या होत्या, आणि मेरी यांच्यापाशी लिहिण्याचा सराव होता. त्यांनी रेडिओसाठी चार-चार मिनिटांच्या कार्यक्रमांच्या संहिता लिहिण्याची नोकरी धरली. चार मिनिटांत व्यक्ती, प्रसंग आणि शेवट बसवायचा म्हणजे एकही वाक्य सैल राहून चालत नाही, आणि त्यांच्या पुढच्या कादंबऱ्यांतील आखूड, ऐन वेळी तुटणारी प्रकरणे याच शिस्तीची देणगी आहेत असे म्हणता येते. कादंबरीसाठी वेळ उरला तो पहाटेचा: मुले शाळेला जाण्यापूर्वी, पाच ते सात या दोन तासांत, स्वयंपाकघरातल्या टेबलावर टंकलेखनयंत्र ठेवून त्या लिहीत. विधवा आईच्या घरात हे टेबल म्हणजे लेखिकेची खोली, मुलांचा न्याहारीचा ओटा आणि हिशेबाची जागा एकाच वेळी होते.

या पहाटांतून निघालेले पहिले पुस्तक रहस्याचे नव्हते. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन आणि त्यांची पत्नी मार्था यांच्या सहजीवनावरची ती एक ऐतिहासिक प्रेमकादंबरी होती. साठच्या दशकाच्या अखेरीस 'अ‍ॅस्पायर टू द हेवन्स', म्हणजे 'स्वर्गाची आकांक्षा धरा', अशा नावाने ती निघाली आणि त्या नावामुळे दुकानदारांनी तिला धार्मिक पुस्तकांत ठेवले. तेथे ती कोणाच्या हाती लागली नाही. 'माउंट व्हर्नन लव्ह स्टोरी' या नव्या नावाने २००२ साली ती पुन्हा छापली गेली तेव्हा मात्र लेखिकेच्या कीर्तीमुळे तिला वाचक लाभले. प्रेमकथेत अपयश आले म्हणून मेरी यांनी प्रेमकथा सोडली असे समजणे चुकीचे ठरेल. जे लेखिकेला त्या पुस्तकात जमले होते, म्हणजे दोन प्रौढ माणसांचा एकमेकांवर हळूहळू बसत जाणारा विश्वास, ते त्यांनी पुढे संकटाच्या आड ठेवून सांगितले.

'व्हेअर आर द चिल्ड्रन?' ही १९७५ सालची कादंबरी अशीच आहे. न्यूयॉर्कमध्ये गाजलेल्या, आईवर स्वतःच्या मुलांच्या हत्येचा आरोप असलेल्या एका खटल्यावरून बीज घेऊन लेखिकेने त्याला आपले दोन प्रश्न लावले: समजा ती आई निर्दोष असेल, आणि तिने दुसरीकडे नव्याने संसार मांडल्यावर पुन्हा तसेच घडले तर? केप कॉडच्या समुद्रकाठच्या गावात, बहुतांशी एकाच दिवसाच्या अवधीत, नॅन्सी हार्मन हिची दुसऱ्या संसारातली दोन मुले नाहीशी होतात आणि सारे गाव तिच्याकडे बोट दाखवते. दोन प्रकाशकांनी हस्तलिखित परत पाठवले, कारण मुले संकटात सापडल्याची कथा स्त्रियांना वाचवणार नाही असे त्यांचे मत पडले. हा अंदाज पूर्ण चुकला. ज्या स्त्रियांना ही भीती सर्वांत जवळची होती त्यांनीच पुस्तक हातोहात उचलले.

या यशाचा आर्थिक भाग समजण्यासाठी त्या काळच्या प्रकाशनव्यवहारातील एक पद्धत ध्यानात घ्यावी लागते. पुस्तक आधी पुठ्ठाबांधणीत, म्हणजे महागड्या कडक बांधणीत निघे. नंतर कागदी बांधणीत ते छापण्याचे हक्क दुसऱ्या संस्थेला विकले जात, त्या रकमेत मूळ प्रकाशक आणि लेखक यांचा वाटा ठरलेला असे, आणि ही स्वस्त आवृत्ती औषधांच्या दुकानांत, रेल्वे स्थानकांवर, किराणा दुकानांच्या फिरत्या घडवंच्यांवर पोहोचे. सायमन अँड शुस्टर या संस्थेने 'व्हेअर आर द चिल्ड्रन?'साठी अवघे ३,००० डॉलर दिले होते, पण कागदी बांधणीचे हक्क काही महिन्यांतच १,००,००० डॉलरला गेले. १९७७ साली 'अ स्ट्रेंजर इज वॉचिंग' या दुसऱ्या उत्कंठाकादंबरीला पुठ्ठाबांधणीसाठी ५ लाख आणि कागदी आवृत्तीसाठी १० लाख डॉलरची बोली आली, आणि तिच्या फ्रेंच अनुवादाला १९८० साली फ्रान्सचा गुन्हेकथांचा प्रतिष्ठित पुरस्कार मिळाला. मधल्या काळात मेरी यांनी फोर्डहॅम विद्यापीठात प्रवेश घेतला होता, आणि १९७९ साली, पन्नाशी ओलांडल्यावर, त्या तत्त्वज्ञानाच्या पदवीधर झाल्या. मुलांच्या शिक्षणासाठी ज्यांनी लिहायला घेतले त्यांना स्वतःचे राहून गेलेले शिक्षण लेखनाने मिळवून दिले, ही या चरित्रातली अतिशय हृद्य बाब आहे.

कॅरल यांचा या व्यवसायातला प्रवेश इथेच, टंकलेखनयंत्रावर झाला. संगणक येण्यापूर्वी कादंबरीत दुरुस्ती करणे म्हणजे पान पुन्हा टंकित करणे असे; एक प्रसंग पुढेमागे केला की पुढची सारी पाने बदलत, आणि प्रकाशकाकडे जाणारी स्वच्छ प्रत तयार होईतो तोच मजकूर अनेकदा हाताखालून जाई. मेरी दिवसा नोकरी करत असल्याने महाविद्यालयात शिकणाऱ्या कॅरल आईची हस्तलिखिते टंकित करून देऊ लागल्या. हे काम वरवर यांत्रिक दिसते, परंतु टंकलेखन करणारी व्यक्ती पुस्तकाची सर्वांत सावकाश वाचक असते; प्रकरण नेमके कोणत्या वाक्यावर तोडले, कोणता दुवा कोणत्या पानावर पेरला, संशय एका पात्रावरून दुसऱ्यावर कसा सरकवला, हे तिच्या बोटांना कळत जाते. संगीतातील घराण्यात शिष्याने गुरूच्या मागे तंबोरा धरून बसावे तसेच हे शिक्षण होते. टंकलेखिका कधी गप्प राहिली नाही याचाही पुरावा उपलब्ध आहे. 'वीप नो मोअर, माय लेडी' या १९८७ सालच्या कादंबरीत अल्विरा मीहान नावाची, लॉटरीत ४ कोटी डॉलर जिंकलेली घरकामगार स्त्री मूळ आराखड्यानुसार मरणार होती, आणि तिला जिवंत ठेवण्याचा आग्रह कॅरल यांनी धरला. आईने तो मानला. छातीवर लावलेल्या सूर्याकृती पिनमध्ये ध्वनिमुद्रक दडवून गुन्हे उकलणारी ही अल्विरा, नळकाम करणाऱ्या तिच्या नवऱ्यासह, पुढे अनेक पुस्तकांत परतली आणि वाचकांचे सर्वांत लाडके पात्र ठरली. एका टंकलेखिकेने वाचवलेल्या पात्राने इतकी वर्षे घर चालवावे, असे उदाहरण या साहित्यप्रकारात दुसरे सहज सापडणार नाही.

माउंट होल्योक महाविद्यालयातून १९७८ साली पदवी घेतल्यावर कॅरल अभिनयाकडे वळल्या, आणि १९९२ साली आईच्या 'अ क्राय इन द नाइट' या कादंबरीवरील दूरचित्रवाणीपटात त्यांनी भूमिका केली. त्याच वर्षी त्यांची पहिली कादंबरी 'डेक्ड' प्रसिद्ध झाली आणि रहस्यकथांच्या क्षेत्रातील अगाथा व अँथनी या दोन्ही पुरस्कारांसाठी तिला नामांकन मिळाले. आईच्या कादंबऱ्या ज्या जातीच्या, त्या जातीची ही नव्हे. रीगन रायली ही तिची नायिका खासगी गुप्तहेर आहे, म्हणजे ती संकटात सापडण्याऐवजी संकटाच्या शोधात जाते. शिवाय प्रसंग हलकेफुलके असतात आणि भीतीपेक्षा माणसांच्या विक्षिप्तपणावर भर असतो. या वळणाच्या शोधकथेला इंग्रजीत 'कोझी', म्हणजे ऊबदार, असे म्हणतात. 'स्नॅग्ड', 'आइस्ड', 'ट्वँग्ड', 'फ्लीस्ड' अशी एकेका क्रियापदाची शीर्षके हे त्यांचे वैशिष्ट्य ठरले. येथे कॅरल यांची स्वतंत्र बुद्धी दिसते: तंत्र आईकडून घेतले, पण आईचा सूर मात्र घेतला नाही, कारण पाच मुलांच्या विधवेला जे भय अनुभवाने दिले होते ते उसने आणण्याचा मोह त्यांनी टाळला.

शीर्षकांच्या बाबतीत मेरी यांची वाट निराळी होती, आणि रहस्य व प्रेम यांचे त्यांच्या मनातील नाते तेथे सर्वांत स्पष्ट दिसते. नव्वदच्या दशकात त्यांनी आपल्या कादंबऱ्यांना जुन्या लोकप्रिय प्रेमगीतांची नावे दिली: 'आय विल बी सीइंग यू' म्हणजे तू मला दिसत राहशील, 'लेट मी कॉल यू स्वीटहार्ट' म्हणजे तुला प्रिये म्हणू दे, 'यू बिलाँग टू मी' म्हणजे तू माझी आहेस. गाण्यात हे शब्द आर्जवाचे आहेत. खुनाच्या कथेवर ते छापले की तेच शब्द पाळत ठेवणाऱ्या माणसाच्या तोंडचे होतात. प्रेमाची भाषा आणि धाकाची भाषा किती थोड्या अंतरावर असतात हे एवढ्या काटकसरीने सांगणे सोपे नाही, आणि 'मनोरंजनाची लेखिका' म्हणून मेरी यांना बाजूला ठेवणाऱ्या समीक्षेने या शीर्षकांकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही.

व्यवसायाच्या संस्थांनी मात्र त्यांचा मान राखला. १९४५ साली स्थापन झालेल्या 'मिस्टरी रायटर्स ऑफ अमेरिका' या लेखकसंघटनेच्या त्या अध्यक्षा होत्या आणि २००० साली संघटनेने त्यांना 'ग्रँड मास्टर' ही सर्वोच्च पदवी दिली. २००१ पासून त्यांच्या नावाने एक पुरस्कार दिला जाऊ लागला, ज्याच्या अटी म्हणजे या जोडप्रकाराचे जणू लेखी व्याकरण आहे: नायिका साधारण सत्तावीस ते अडतीस वयाची, स्वतःच्या पायावर उभी असलेली सज्जन तरुणी असावी, तिच्या आयुष्यात संकट अचानक शिरावे, घरच्यांशी तिचे संबंध मुख्यतः चांगले असावेत, आणि पुस्तकात डोळ्यांदेखत हिंसाचार, शिवराळ भाषा किंवा उघड शृंगार नसावा. यातील घरच्यांविषयीची अट विशेष आहे. गॉथिक परंपरेतली नायिका अनाथ असे, कारण तिच्या एकाकीपणावरच कथा चाले. मेरी यांच्या नायिकेला मागे माणसे आहेत, आणि कथेच्या शेवटी ती त्यांच्याकडे परतते. मेरी यांचे घरही तसेच वाढत गेले. त्यांच्या एके काळच्या सूनबाई मेरी जेन क्लार्क याही उत्कंठाकादंबऱ्या लिहू लागल्या, आणि २०१४ पासून मेरी यांनी ज्यांच्या साथीने एक मालिका लिहिली त्या अलाफेअर बर्क याही रहस्यकथाकार जेम्स ली बर्क यांच्या कन्या होत.

मायलेकींनी २००० ते २००८ या काळात पाच पुस्तके एकत्र लिहिली, आणि ती सारी नाताळच्या दिवसांतली आहेत. ३१ जानेवारी २०२० रोजी मेरी यांचे वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी निधन झाले, तोवर त्यांच्या पुस्तकांच्या एकट्या अमेरिकेत १० कोटींहून अधिक प्रती खपल्या होत्या. जून २०२३ मध्ये कॅरल कर्करोगाने गेल्या. संयुक्त पुस्तकांतले पहिले, 'डेक द हॉल्स', आईची अल्विरा आणि लेकीची रीगन यांना प्रथमच एका कथेत आणते. रीगनच्या आईवडिलांची नावे कॅरल यांनी आपल्या आजीआजोबांचीच ठेवली होती: आई नोरा, जी स्वतः नामांकित रहस्यकादंबरीकार आहे, आणि वडील ल्यूक, जे अंत्यविधीचा व्यवसाय चालवतात. नाताळ तोंडावर आलेला असताना ल्यूक यांचे त्यांच्या मोटारचालक स्त्रीसह अपहरण होते, हडसन नदीतल्या एका जुनाट तरत्या घरात त्यांना डांबून ठेवले जाते, आणि खंडणी देऊनही ते जिवंत परततील याची शाश्वती उरत नाही. ज्यांच्या वडिलांना, ल्यूक हिगिन्स यांना, १९३९ सालच्या त्या सकाळी कोणी उठवू शकले नव्हते, त्या मेरी आणि ज्यांनी त्या आजोबांना कधी पाहिलेही नव्हते त्या कॅरल, अशा दोघींनी मिळून हे कथानक रचले, आणि त्यात ल्यूक नाताळला आपल्या घरी परत येतात.